कोतवाल बुकात न सापडणारी सुईण

जात पडताळणीसाठी आजा-पणजाचा दाखला हुडकणारा वऱ्हाडी माणूस शेवटी सरकारी अभिलेख खोलीत पोचतो आणि कोतवाल बुकाची नक्कल मागतो. कोतवालानं गावात फिरून कळवलेले जन्म आणि मृत्यू त्यात असतात. तारीख, बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी. बाळाचं नाव बहुधा नसतंच, कारण नोंद बारशाआधीच झालेली असते. खरं तर वऱ्हाडातल्या घरगुती बाळंतपणांचा हा सगळ्यात मोठा दस्तऐवज. ज्या बाईच्या हातून ती बाळंतपणं झाली, तिच्यासाठी मात्र त्यात रकाना नाही.

नांदगाव पेठेचंच बघा. अमरावती–नागपूर महामार्गावरच्या या गावाला आज औद्योगिक वसाहत आहे, वीज प्रकल्प आहे. कळा सुरू झाल्या की गाडी येते आणि बाई थोड्याच वेळात अमरावतीच्या 'डफरीन'मध्ये पोचते. जिल्हा स्त्री रुग्णालय हे तिचं कागदावरचं नाव. लोकांच्या तोंडी डफरीनच. पण गाडी दारात यायच्या आधीच्या पिढ्यांत या पट्ट्यातल्या गावांमध्ये रात्री-बेरात्री कंदील घेऊन धावावं लागे ते सुईणीच्याच घराकडे.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत होती. घरातली आतली, अंधारी खोली रिकामी करायची, बाज टाकायची, चुलीवर पाण्याचं भगुणं चढवायचं. सुईण बाईला उताणी निजवत नसे. उकिडवी बसवायची आणि एखाद्या जाणत्या बाईनं पाठीमागून धरायचं. मूल बाहेर आलं तरी वार पडल्याशिवाय नाळ कापायची नाही, हा तिचा नियम. मग वार परसात पुरायची, बाळ-बाळंतिणीला शेक-शेगडी, ओवा-शेपाची धुरी, पाचवीची पूजा, सटवाई. मूल आडवं की पायाळू, हे तिला पोटावर हात ठेवून सांगता येई. बाई मोकळी झाली की ज्वारी, लुगडं-चोळी, नारळ पदरात पडे. मुलगा झाला तर जरा जास्त, हेही लपवण्यात अर्थ नाही.

आणि हा हात कोणाचा? रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर जो ग्रंथ छापला, त्यात मांग समाजातल्या स्त्रिया सुईणपण करतात अशी नोंद आहे. ज्या बाईची सावली एरवी ओसरीवर चालत नसे, तिचा हात बाळाला सगळ्यांत आधी लागलेला चालत असे. कारण उघड आहे. बाळंतपण म्हणजे विटाळ, आणि विटाळाचं काम ज्याच्या माथी मारलेलं त्यानंच ते करायचं. दहा दिवसांनी घर सारवून शुद्ध व्हायचं. सुईण होती तिथंच राहायची. तिच्या कसबाला मान होता असं आज सांगितलं जातं, ते अर्धंच खरं आहे.

राज्यकर्त्यांच्या वर्तुळातून मोठा प्रयत्न झाला तो १८८५ मध्ये. व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरीन यांनी हिंदुस्थानातल्या स्त्रियांना स्त्री डॉक्टरांकडून उपचार मिळावेत म्हणून निधी उभारला. अमरावतीच्या दवाखान्याला चिकटलेलं नाव त्यांचंच. अकोल्याचं स्त्री रुग्णालय पुढच्या एका व्हाइसरॉयपत्नीच्या नावानं 'लेडी हार्डिंग' झालं. डफरीन निधीच्या दुसऱ्याच वर्षी, १८८६ मध्ये, आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय प्राचीन आर्यांचं प्रसूतिशास्त्र हा होता. चौदाव्या वर्षी झालेलं त्यांचं स्वतःचं मूल दहा दिवसांतच गेलं होतं. १९०३ मध्ये व्हाइसरॉयपत्नी लेडी कर्झन यांनी खास सुईणींच्या शिक्षणासाठी व्हिक्टोरिया स्मारक निधी काढला. वर्ग भरले, पण दिवसभर मजुरी करणारी बाई वर्गात बसणार कशी?

तिच्या कसबात दोष होते आणि ते जीवघेणे होते. नाळ विळ्यानं किंवा हाताला येईल त्या पात्यानं कापली जाई, वर राख किंवा शेण थापलं जाई. मग आठवड्याच्या आत बाळाला झटके यायचे, दातखीळ बसायची. लोक बाहेरची बाधा म्हणायचे. तो धनुर्वात होता. पहिला चीक पिळून टाकण्याची आणि थंडीतही बाळाला लगेच न्हाऊ घालण्याची रीत वेगळीच. स्वातंत्र्यानंतर सरकारनं सुईणींना प्रशिक्षण दिलं, सोबत एक पेटी. त्यात साबण, नवं ब्लेड, नाळ बांधायचा दोरा. हात, जागा, ब्लेड, दोरा आणि नाळेचं टोक स्वच्छ ठेवायचं, एवढाच धडा. गरोदरपणातलं धनुर्वाताचं इंजेक्शन आणि हा धडा दोन्ही मुरत गेले, आणि २०१५ मध्ये माता-नवजात धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं भारताला जाहीर करता आलं.

वार पडेपर्यंत नाळेला हात न लावण्याची तिची सवय डॉक्टर मात्र बरीच वर्षं अडाणीपणात मोजत आले. आता जागतिक आरोग्य संघटनाच सांगते, नाळ बांधण्याआधी निदान एक मिनिट थांबा.

याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, मेळघाटात, गोष्ट फार उशिरापर्यंत वेगळी राहिली. तिथल्या बैरागड गावी जाण्याआधी डॉ. रवींद्र कोल्हे यांना सल्ला मिळाला होता, की सोनोग्राफी आणि रक्त हाताशी नसताना बाळंतपण करता आलं तरच तिथं जा. त्यांनी ते शिकून घेतलं. पुढे पत्नी डॉ. स्मिता यांचं बाळंतपण त्यांनी गावातच केलं. बाळ गंभीर आजारी पडलं, लोक शहरात न्या म्हणाले. स्मिताताईंनी गावातल्या बाळांना मिळतील तेच उपचार आपल्या बाळाला द्यायचं ठरवलं. बाळ वाचलं, आणि डॉक्टर बाई तिथल्या कोरकू आदिवासींच्या घरातली झाली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी सुईणीला हाकललं नाही. ती बाईकडे पाहायची, तिच्या शेजारी बसलेली आरोग्यदूत बाळाकडे. त्या गावांमध्ये नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं १९९९ मध्ये छापलं.

पण धोरण उलट्या दिशेनं गेलं. २००५ मध्ये गावातली आरोग्यसेविका 'आशा' आली, जननी सुरक्षा योजना आली. महाराष्ट्रातल्या ग्रामीण भागातल्या पात्र बाईला दवाखान्यात बाळंत होण्याचे ७०० रुपये मिळू लागले. २००५-०६ मध्ये राज्यात सुमारे ६५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती, २०१९-२१ पर्यंत सुमारे ९५ टक्के. अडलेली बाई आणि डॉक्टर यांच्यातलं अंतर तुटलं, त्यात जीव वाचले. जुन्या दिवसांसाठी उसासे टाकणाऱ्यांनी हा हिशेब आधी मांडावा. सुईणीला मात्र या व्यवस्थेत कुणी 'आता तू काय करशील' असं विचारलंसुद्धा नाही. २०१८ च्या अखेरीस केंद्रानं प्रसूतीसाठी खास परिचारिका घडवायचं धोरण आणलं. दीड वर्षाचा अभ्यासक्रम, पण आधी परिचर्येची पदविका किंवा पदवी हवी. विटाळाचं काम प्रतिष्ठेचं झालं, तेव्हा ते करणाऱ्या समाजाची बाई दाराबाहेरच राहिली.

नांदगाव पेठ काय किंवा माहुली, वलगाव काय, अशा गावांमध्ये सत्तरी-ऐंशीच्या काही सुईणी अजून असतील. कोतवाल बुकात त्या नाहीत. गावातल्या शिक्षकांनी, महाविद्यालयातल्या मुला-मुलींनी त्यांच्याजवळ बसून त्यांचं नाव, त्यांनी केलेली बाळंतपणं, ती कशी केली आणि त्यांना काय मिळालं, हे लिहून घ्यावं. हे काम याच दोन-चार वर्षांत व्हायला हवं.