मिरजेची घोडी आणि रामनचे कोडे

पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत तारेची दोन्ही टोके पक्की बांधलेली दाखवतात. गिटारीच्या बाबतीत हे बरेचसे खरे आहे. तिच्या घोडीवर हाडाची अरुंद पट्टी असते आणि तार त्या पट्टीच्या काठावर संपते. अशी तार बरोबर मध्यावर छेडून पाहा. आवाज पोकळ येतो. मूळ स्वराच्या दुप्पट, चौपट कंप्रतेच्या उपस्वरांचे निस्पंद बिंदू नेमके तिथे असतात, त्यामुळे ते उमटतच नाहीत. हाच यंग-हेल्महोल्ट्झ नियम.

तंबोरा मात्र हा नियम पाळत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मिरजेत फरीदसाहेब शिकलगार तंतुवाद्यांकडे वळले. शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार लावणारे. लढाया सरल्या आणि धातू घासणारे हात भोपळा, लाकूड आणि हाड यांच्या कामाला लागले. पुढे या घराण्यांचे आडनावच 'सतारमेकर' झाले. पंढरपूरकडचा कडू भोपळा वाळवून तुंबा करायचा, तून लाकडाची दांडी आणि तबली बसवायची. हे सारे कष्टाचे, पण खरी परीक्षा घोडीची.

तंबोऱ्याच्या घोडीचा माथा रुंद आणि अगदी किंचित उतरता असतो. थरथरणारी तार त्या उताराला टेकते, सुटते, पुन्हा टेकते. म्हणजे तिचे टोक एका जागी राहतच नाही! कारागीर माथा कानसीने जरा घासतो, तार छेडून ऐकतो, पुन्हा घासतो. याला 'जवारी काढणे' म्हणतात. मग तारेखाली सुती दोरा सरकवून आवाज खुला करायचा.

कलकत्त्यात चंद्रशेखर वेंकट रामन यांनी हे तपासले आणि १९२१ साली निष्कर्ष छापला: नियमानुसार जे उपस्वर गायब असायला हवेत, तेच तंबोऱ्यात जोरात ऐकू येतात. मिरजेतल्या कानांना ते आधीपासून ठाऊक होते. समीकरणाची गरज त्यांना पडली नाही.

स्पेनमध्ये आंतोनियो दे तोरेस याने १८६२ साली पाठ आणि बाजू कागदाच्या लगद्याच्या करून एक गिटार बनवली. आवाज मुख्यतः वरच्या फळीतून येतो, हे त्याला दाखवायचे होते. त्याचे लक्ष फळीवर, मिरजकरांचे घोडीवर. मला तरी दुसरी वाट अधिक धाडसी वाटते.

मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यामुळे मागणी मात्र घटली आहे. त्या पेटीला जवारी काढावी लागत नाही. खऱ्या तंबोऱ्यात तारा हळूहळू घोडीत खाचा पाडतात, आवाज बसतो, आणि मग तो पुन्हा कारागिराकडे न्यावा लागतो.