उन्हाळा, हार्डडिस्क आणि लिनक्स

इथे नजमामध्ये उन्हाळ्यात पारा चढला की कशाचंही खापर उन्हावर फुटतं. हार्डडिस्क गेली? ऊन! पण २००७ साली गूगलच्या तीन अभियंत्यांनी लाखावर डिस्कचा अभ्यास छापला. त्यात तापमानाचा दोष वाटतो तेवढा निघाला नाही. पहिली स्कॅन एरर आल्यावर मात्र ६० दिवसांत डिस्क मरायची शक्यता तब्बल ३९ पट! आणि मेलेल्यांपैकी ३६ टक्के डिस्कनी 'स्मार्ट'मध्ये कसलीच सूचना दिली नव्हती.

जुन्या लिनक्सवाल्यांना 'लिलो' आठवत असेल. बूट होताना नुसता 'एल' आणि पुढे ०१ ०१ ०१ असे आकडे आले, की समजायचं, डिस्क वाचता येत नाहीये. अशा वेळी हात आधी एफएससीकेकडे जातो. पण तो त्याच मरणाऱ्या डिस्कवर लिहितो!

२००४ साली अंतोनियो दियाझ यांचं 'डीडीरेस्क्यू' आलं. ते आधी वाचता येईल तेवढं दुसऱ्या डिस्कवर उतरवतं, खराब जागा नोंदून ठेवतं आणि मग त्यांच्याकडे वळतं. एफएससीके चालवायचा तो त्या कॉपीवर. डिस्क नवी मिळते हो, मुलांचे फोटो नाही. म्हणून पहिली एरर दिसली की त्याच दिवशी कॉपी करा.