अकरा वर्षांचा घोडेस्वार

शर्यत म्हटली की आपल्या सीमाभागातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे आधी बैलजोडी उभी राहते. घोड्यांची शर्यत ही मुंबई-पुण्याची, आणि तीही पैसेवाल्यांची किंवा पैसे घालवणाऱ्यांची, अशी आपली समजूत आहे. मी स्वतः शिक्षकी पेशातला माणूस. रेसकोर्सच्या वाटेला कधी गेलो नाही. पण एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमधील बालमजुरीविषयी वाचताना गिरणीतल्या, खाणीतल्या आणि धुराडी झाडणाऱ्या मुलांच्या पंक्तीत सहसा न बसवला जाणारा एक मुलगा भेटला. तो पुढे त्या देशातला सर्वांत नावाजलेला जॉकी झाला. म्हणून त्याला मजूर म्हणायला कोणी तयार नसते.

फ्रेडरिक आर्चर याचा जन्म ११ जानेवारी १८५७ रोजी चेल्टनहॅम येथे झाला. वडील विल्यम आर्चर अडथळ्यांच्या शर्यतीतले जॉकी होते. १८५८ साली ‘लिटल चार्ली’ या घोड्यावर त्यांनी ग्रँड नॅशनल जिंकली होती. पुढे जवळच्या प्रेस्टबरी गावात त्यांनी ‘किंग्ज आर्म्स’ नावाची खानावळ चालवली. घोडा हा घरचाच विषय होता, त्यामुळे पाटीपेक्षा लगाम आधी हाती आला यात नवल नाही. १८६८ च्या सुमारास, वयाच्या अकराव्या वर्षी, वडिलांनी त्याला न्यूमार्केट येथील मॅथ्यू डॉसन या स्कॉटिश ट्रेनरकडे पाच वर्षांच्या कराराने उमेदवार म्हणून बांधून दिले. ‘बांधून दिले’ हा शब्द मी जाणून वापरतो. त्या काळच्या अशा करारात राहणे-जेवणे उस्तादाकडे आणि मुलाचा दिवस उस्तादाच्या मालकीचा.

आता हा दिवस कसा असे? पहाटे उठायचे, पागेतले शेण काढायचे, खरारा करायचा, चंदी घालायची, आणि उजाडताच घोडे घेऊन न्यूमार्केटच्या विस्तीर्ण माळावर दौड करायला निघायचे. आपल्याकडच्या मोतद्दाराचेच हे काम. त्यात जो पोरगा हलका, धीट आणि हाताचा मऊ निघेल त्याला कधीतरी शर्यतीत बसायला मिळणार. बाकीचे मोठे झाले, वजनाने वाढले की तिथेच मोतद्दार म्हणून राहणार किंवा घरी परतणार. अशा घरी परतलेल्यांचा इतिहास कोणी लिहिलेला नाही.

हलकेपणाला एवढी किंमत का, हे समजून घेतल्याशिवाय पुढचे कळणार नाही. सपाट मैदानावरच्या ‘हँडिकॅप’ शर्यतीत चांगल्या घोड्यावर जास्त आणि सुमार घोड्यावर कमी वजन ठरवून देतात, म्हणजे सगळ्यांना जिंकण्याची सारखी संधी मिळावी. जॉकीचे वजन खोगिरासकट मोजतात. जॉकी हलका असेल तर शिसे भरून तूट भरता येते. जड असेल तर मात्र काही उपाय नाही. म्हणून कमी वजन वाट्याला आलेल्या घोड्यावर बसवायला लहान मूल हवे. आजही ब्रिटनमध्ये उमेदवार जॉकीला सवलत मिळते ती वजनातच: पहिल्या वीस विजयांपर्यंत सात पौंड, पन्नासपर्यंत पाच आणि पंचाण्णवपर्यंत तीन. कसब कमी म्हणून ओझे कमी, असा तो हिशेब. जसजसे जिंकत जाल तसतशी सवलत सुटत जाते. परीक्षेत असा नियम असता तर आमची पुष्कळ मुले पहिल्या वर्गात आली असती!

फ्रेडने २८ सप्टेंबर १८७० रोजी चेस्टरफील्ड येथे ‘ॲथॉल डेझी’ या घोडीवर सपाट मैदानावरची पहिली शर्यत जिंकली. वय तेरा. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने प्राथमिक शिक्षणाचा प्रसिद्ध कायदा संमत केला होता. पाच ते तेरा वयाच्या मुलांना शाळेत आणण्याची सक्ती करण्याचा अधिकार स्थानिक शाळा-मंडळांना देणारा हा कायदा आला तेव्हा आमचा हा मुलगा त्या वयाच्या बाहेर पडत होता. लिहिण्यावाचण्यात तो जन्मभर कच्चा राहिला. (इंग्लंडमध्ये दहा वर्षांपर्यंतची सरसकट सक्ती १८८० साली झाली. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात हा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सर्व संस्थानाला लागू केला. हे अंतर आपण समजतो तितके मोठे नव्हते.)

१८७२ मध्ये न्यूमार्केटची सिझरविच ही सव्वादोन मैलांची लांबलचक शर्यत त्याने ‘सॅल्वॅनॉस’वर जिंकली. घोड्याला नेमलेले वजन पाच स्टोन सात पौंड, म्हणजे सुमारे पस्तीस किलो, आणि तेही खोगिरासकट. आमच्या शाळेत सहावी-सातवीच्या मुलाचे वजन एवढे भरते. त्या वजनाचा पंधरा वर्षांचा मुलगा जवळजवळ अर्धा टन वजनाचे जनावर सव्वादोन मैल, इतरांच्या गर्दीतून, नेमक्या क्षणापर्यंत रोखून धरतो आणि मग सोडतो, हे कौशल्य मी कमी लेखणार नाही. पण पंधराव्या वर्षी ते वजन का होते, हाही प्रश्न आहेच. अंगकाठी लहान होती असेही नाही. हा मुलगा पुढे पाच फूट आठ इंचांच्या वर गेला, जॉकीच्या मानाने ताडमाड.

१८७३ साली, उमेदवारी संपताच, त्याने १०७ शर्यती जिंकून देशात दुसरा क्रमांक पटकावला. त्याच वर्षी डॉसनच्या पागेचा मुख्य जॉकी टॉम फ्रेंच क्षयाने वारला. १८७० आणि १८७१ अशा लागोपाठ दोन डर्बी जिंकलेला हा माणूस. वजन उतरवण्यासाठी केलेल्या उपासमारीने त्याचे शरीर पोखरले, असे तेव्हाही बोलले जाई. रिकामी झालेली जागा सोळा वर्षांच्या आर्चरला मिळाली. मालक होते लॉर्ड फॉलमथ, जे कधी पैज लावत नसत. शर्यतींच्या जगात ही गोष्ट दुर्मीळच. त्यांच्या ‘अटलांटिक’वर आर्चरने १८७४ ची टू थाउजंड गिनीज जिंकली आणि त्याच वर्षी १४७ विजयांनिशी तो विजेता जॉकी ठरला. हा मान त्याने लागोपाठ तेरा वर्षे सोडला नाही. पैशाच्या हव्यासामुळे लोक त्याला ‘टिनमॅन’ म्हणत. टिन म्हणजे तिकडच्या बोलीत पैसा. खानावळवाल्याच्या घरून अकराव्या वर्षी बाहेर पडलेल्या मुलाने पैसा धरून ठेवला तर त्यात हसण्यासारखे काय आहे, मला कळत नाही.

डॉसन दुष्ट होता काय? मुळीच नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे. मारकुटा उस्ताद असता तर निकाल सोपा होता. डॉसनने त्याला प्रेमाने वागवले, कसब शिकवले. पुढे १८८३ मध्ये डॉसनच्याच पुतणीशी, हेलन रोझशी, आर्चरचे लग्न झाले. सगळे भले लोक होते. आणि या सगळ्या भल्या लोकांच्या देखत वाढत्या वयाचे एक पोर उपाशी राहायला शिकत होते. हिवाळ्यात शर्यती बंद असत तेव्हा त्याचे वजन अकरा स्टोनपर्यंत जाई. वसंत ऋतूत ते साडेआठ स्टोनपर्यंत उतरवावे लागे. एरंडेल, एखादे बिस्किट, घोटभर शॅम्पेन, घामाची स्नाने आणि न्यूमार्केटच्या एका डॉक्टरने त्याच्यासाठी बनवलेले जालीम रेचक, हा त्याचा आहार आणि हाच त्याचा औषधोपचार.

पुढचे थोडक्यात सांगतो. पाच डर्बी, एकवीस क्लासिक, २७४८ विजय. १८८५ सालच्या २४६ विजयांचा त्याचा विक्रम १९३३ पर्यंत टिकला. नोव्हेंबर १८८४ मध्ये मुलगी झाली आणि त्यातच पत्नी गेली. दोन वर्षांनी, एका मोठ्या शर्यतीसाठी वजन उतरवून खंगलेल्या शरीरात विषमज्वर शिरला आणि ८ नोव्हेंबर १८८६ रोजी, तापाच्या भरात, त्याने स्वतःच आपले आयुष्य संपवले. वय एकोणतीस. मागे ६० हजार पौंडांहून अधिक संपत्ती आणि दोन वर्षांची पोरकी मुलगी.

१८७२ साली विजेता जॉकी होता टॉम कॅनन. त्याचा पणतू लेस्टर पिगट वडिलांच्या हाताखाली उमेदवारी करत असताना १८ ऑगस्ट १९४८ रोजी, बाराव्या वर्षी, हेडॉक येथे ‘द चेस’वर पहिली शर्यत जिंकला आणि अठराव्या वर्षी, १९५४ मध्ये, ‘नेव्हर से डाय’वर डर्बी. तोही आर्चरसारखाच उंच, तोही जन्मभर अर्धपोटी. पण तो शहाऐंशी वर्षे जगला आणि २०२२ मध्ये वारला. १९६० साली त्याने लग्न केले ते सॅम आर्मस्ट्राँग या ट्रेनरच्या मुलीशी. हा आर्मस्ट्राँग उमेदवार जॉकी घडवण्यासाठी नावाजलेला होता आणि बडोद्याच्या प्रतापसिंहराव गायकवाडांचे घोडे न्यूमार्केटला तोच सांभाळत असे. प्रतापसिंहरावांनी १९४५ मध्ये २८ हजार गिनी मोजून घेतलेल्या शिंगराचे नाव ठेवले ‘सयाजीराव’, आपल्या आजोबांचे. १९४७ साली त्या घोड्याने सेंट लेजर जिंकली. ज्यांनी मुलांना शाळेत बसवले त्यांचे नाव अशा रीतीने इंग्लंडच्या मैदानावर दुमदुमले. महाराजांना हे आवडले असते की नाही, याविषयी बडोदेकर वाचकांनी मला अवश्य लिहावे.

ब्रिटनमध्ये आता सोळा वर्षे पूर्ण झाल्याखेरीज जॉकीचा परवाना मिळत नाही, आणि हँडिकॅपमधले सर्वांत कमी वजन आठ स्टोनच्या आसपास असते. ‘सॅल्वॅनॉस’चा स्वार आज त्या काट्यावर चढला असता तर त्याला पस्तीस पौंड शिसे द्यावे लागले असते.