पहिला लोखंडी नांगर विकायला दोन वर्षं लागली

मागच्या भागानंतर एका श्रोत्याचा मेसेज आला. ‘दादा, प्रॉडक्ट चांगलं आहे, पण सहा महिने झाले तरी कोणी घेईना. बंद करू का?’

थेट उत्तर द्यायच्या आधी एक गोष्ट सांगतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची, बेळगावातली.

लक्ष्मणराव किर्लोस्कर. जन्म १८६९. मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले आणि तिथे कळलं की आपल्याला काही रंगांतला फरकच दिसत नाही. म्हणजे चित्रकाराचं करिअर संपलं. मग ते यंत्रांच्या ड्रॉइंगकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिकवायला लागले.

नोकरी चालू असतानाच जोडधंदा होता. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली घेऊन बेळगावला पाठवायचे आणि थोरले भाऊ रामुअण्णा तिथे त्या विकायचे. सायकल चालवायला शिकवायचे १५ रुपये वेगळे! पुढे हक्काची बढती डावलून ती एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं.

आता खरी गोष्ट सुरू होते. सायकलीच्या दुकानाबरोबर त्यांनी कडबा कापायचं यंत्र बनवलं आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. आपल्याकडचा नांगर तेव्हा लाकडी असायचा, फाळ तेवढा लोखंडी. तो जमीन चिरायचा. लोखंडी नांगर खोल जाऊन माती उलटी करायचा आणि हरळी-कुंद्यासारखं चिवट तण मुळासकट वर काढायचा. प्रॉडक्ट उत्तम होतं.

पण शेतकरी घेईनात! लोखंडानं जमिनीत विष उतरतं, अशी समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं, मंडळी.

आपण चटकन म्हणतो, ‘अडाणी लोक.’ पण जरा त्या शेतकऱ्याच्या जागी उभे राहा. वर्षाला हाताशी एक खरीप, एक रब्बी. नांगर फसला तर किर्लोस्करांचा एक नांगर वाया जाणार, त्याचं मात्र अख्खं वर्ष जाणार. तो नांगराला नाही म्हणत नव्हता, जोखमीला नाही म्हणत होता. आणि ही भीती जाहिरातीनं जात नाही. शेजारच्या रानात पीक डोलताना दिसलं की जाते.

मग ही दोन वर्षं तगले कसे? माझ्या मते गोष्टीचा गाभा इथेच आहे. नवीन नांगर खपत नव्हता तरी दुकान चालू होतं. रोजचा पैसा एका वस्तूतून येत होता, म्हणून दुसरीला वेळ देता आला. सगळी पुंजी नांगरात ओतली असती, तर पहिलं गिऱ्हाईक यायच्या आधीच कुलूप लागलं असतं.

पुढचा धक्का बसला तो जागेचा. बेळगाव नगरपालिकेनं जागा खाली करायला सांगितलं. त्या वेळी लक्ष्मणराव औंध संस्थानात एका सभामंडपाचं बांधकाम करत होते. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्यांचं काम रोज बघत होते. त्यांनी जमीन देऊ केली आणि १०,००० रुपयांचं कर्जही. आजच्या भाषेत फंडिंग, पण पिच न करता! आधी काम दिसलं, मग पैसा आला.

मिळालेली जागा म्हणजे कुंडल रोड स्टेशनजवळचा ३२ एकर माळ. निवडुंग आणि साप. १९१० मध्ये तिथे कारखाना उभा राहिला आणि भोवती कामगारांची वस्ती वसली, ती किर्लोस्करवाडी. आज ती सांगली जिल्ह्यात आहे. १९२० मध्ये धंद्याची लिमिटेड कंपनी झाली. त्याच वर्षी ‘किर्लोस्कर खबर’ निघालं. कंपनीची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत न्यायला सुरू झालेलं हे पत्रक पुढे मराठीतलं नावाजलेलं मासिक बनलं. आणि १९२६ च्या सुमारास पंप आला. बघा, कडबा कापणारं यंत्र, नांगर, पंप. वस्तू बदलत गेली, गिऱ्हाईक तेच राहिलं. शेतकरी. एकदा कमावलेला विश्वास पुढच्या वस्तूला कामी आला.

तर मेसेज करणाऱ्या मित्रा, सहा महिने हा आकडा बघून निर्णय घेऊ नकोस. तीन प्रश्न विचार. नाही म्हणणाऱ्याला नेमकी कसली भीती आहे? एकाला तरी फुकट किंवा उधारीवर वापरून बघायला देता येईल का? आणि वाट बघायची तर घरखर्च कुठून निघणार? तिसऱ्याचं उत्तर नसेल, तर आधी तुझं सायकलीचं दुकान शोध. प्रॉडक्ट बंद करायची गरज नाही, पण त्याच्या एकट्याच्या जिवावर जगू नकोस.

दोन वर्षं थांबणं हा हट्टही असू शकतो आणि शहाणपणही. फरक एवढाच, की त्या दोन वर्षांत चूल कशावर पेटत होती.

भेटू पुढच्या भागात. तोवर तुमचा ‘न खपलेला नांगर’ कोणता, ते नक्की कळवा!