सळईचं नाव छातीवर

रोलिंग मिलमधून सळई बाहेर पडते तेव्हा तिच्या अंगावर कंपनीचं नाव असतं. ते छापलेलं नसतं की चिकटवलेलं नसतं. रोलच्या खाचेतच अक्षरं उलटी कोरलेली असतात. लालभडक लोखंड त्या खाचेतून दाबून जातं आणि ठरावीक अंतरावर सुलटी अक्षरं उमटत जातात. पुढे पाण्याचा मारा होतो. वरची साल कडक होते, गाभा तुलनेने मऊ राहतो. टीएमटी म्हणतात ती हीच करामत. मग बारा मीटरचे तुकडे, बंडल, आणि मधोमध वाकवून ट्रकमध्ये. महिकोच्या स्थापनेपासून, म्हणजे 1964 पासून, बियाण्यांसाठी ओळखलं जाणारं जालना आता एमआयडीसीतल्या या भट्ट्यांसाठीही ओळखलं जातं. भंगार वितळवायचं, बिलेट ओतायचं, लाटून सळई काढायची.

एवढ्या खटपटीने कोरलेलं ते नाव महिन्याभरात काँक्रीटमध्ये गाडलं जातं. स्लॅब पडला की घरमालकाला आपली सळई पुन्हा दिसत नाही. दिसलीच तर गंजून, प्लॅस्टर फुटल्यावर, आणि तेव्हा ती दिसू नये अशीच कंपनीची इच्छा असते. बरं, मालात डोळ्यांना कळेल असा फरक नाही. सगळ्यांना मानक एकच, आयएस 1786. एका मिलची फे 500 डी आणि शेजारच्या मिलची फे 500 डी समोरासमोर ठेवली तर घर बांधणारा शिक्षक किंवा शेतकरी काय ओळखणार? तो मिस्त्रीला विचारतो, नाहीतर ऐकलेलं नाव सांगतो. म्हणून नाव ऐकू यावं आणि दिसत राहावं, ही या धंद्याची गरज. भिंती रंगवून झाल्या, हार्डवेअरच्या दुकानांच्या पाट्या झाल्या. उरली ती खेळाडूची छाती.

या छातीचा इतिहास लोखंडापासूनच सुरू होतो, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. 1919 साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धांना सर दोराबजी टाटा हजर होते. साक्चीच्या कारखान्यातून पोलाद निघू लागून जेमतेम सात वर्षं झाली होती. अनवाणी धावणारी खेड्यातली पोरं पाहून, जरा शिकवलं तर ही युरोपात धावतील असं त्यांना वाटलं. पुढच्याच वर्षी अँटवर्प ऑलिंपिकला सहा जणांचा संघ गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि रणधीर शिंदे कुस्तीत चौथे आले. खर्चाला दोराबजींनी हातभार लावला. 1927 मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना झाली, तिचे पहिले अध्यक्षही तेच. आणि चौगुल्यांच्या बनियनवर टाटांचं नाव नव्हतं. ते असण्याची कल्पनाही कुणाला शिवली नसती, कारण ऑलिंपिकच्या हौशीपणाच्या नियमात ते बसत नव्हतं आणि टाटांनाही रूळ विकायला धावपटू लागत नव्हता. त्यांचं गिऱ्हाईक होतं रेल्वे. रेल्वे छाती बघून रूळ घेत नाही.

कुस्तीत पैसा वेगळ्या वाटेने येत होता. कोल्हापुरात शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला, 1912 मध्ये खासबागचं मैदान उभं राहिलं. खुराक दरबारचा, बिदागी दरबारची, आणि पैलवान अमक्या संस्थानचा म्हणून ओळखला जाई. म्हणजे नाव होतंच, फक्त ते अंगरख्यावर नव्हतं. निवेदकाच्या तोंडी होतं. संस्थानं गेली तेव्हा ही पोकळी कोण भरणार हा खरा पेच होता. खाशाबा जाधवांची गोष्ट त्या पोकळीतलीच आहे. 1952 मध्ये हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावोगावहून वर्गणी गोळा झाली, आणि राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी सात हजारांसाठी स्वतःचं घर गहाण टाकलं असं सांगतात. कांस्यपदक घेऊन परतल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे फड करून कर्ज फेडलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक असं उधारीवर आलेलं आहे.

पुढे पश्चिम महाराष्ट्रात ही जागा साखर कारखान्यांनी घेतली. वारणा, कागलचा शाहू अशा कारखान्यांनी ‘मानधनधारक मल्ल’ ठेवले, वजनगटाप्रमाणे महिन्याचं मानधन दिलं, स्वतःच्या स्पर्धा भरवल्या. हे प्रकरण मला नेहमीच अधिक गुंतागुंतीचं वाटत आलं आहे. इथे प्रायोजक साखर विकायला कुस्ती घेत नव्हता. साखरेला छातीवरच्या नावाची गरज नाही, पोत्यातली साखर कुणाची हे कुणी विचारत नाही. कारखान्याला हवा होता तो ऊस घालणारा सभासद, आणि सभासद म्हणजेच मतदार. मैदानात जमणारी गर्दी तीच. खरेदीदार बदलला की आश्रयाचा रंग बदलतो, हे तेव्हापासून दिसतंय.

मुंबईत आणखी तिसरा प्रकार. तिथे कंपन्या खेळाडूला नोकरी देत. सुनील गावसकर निरलॉनमध्ये, अजित वाडेकर स्टेट बँकेत, बापू नाडकर्णी एसीसीत, दिलीप वेंगसरकर टाटांमध्ये. कबड्डीत बँका, रेल्वे, महिंद्र अशा संघांत पोरांची भरती होई. टाइम्स शील्डसारख्या कार्यालयीन स्पर्धांत नाव संघाचं असे. महिन्याच्या एक तारखेला पगार, साठाव्या वर्षापर्यंत हजेरी, पुढे निवृत्तिवेतन. चाळीतल्या आईला मुलगा खेळतोय याचं समाधान नव्हतं, तो ‘लागलाय’ याचं होतं. आज ही व्यवस्था फार मिळमिळीत वाटते. पण गुडघा गेल्यावरही पगार चालू राहणारी खेळाच्या इतिहासातली ती बहुधा एकमेव व्यवस्था होती.

1983 ला क्रिकेटचा विश्वचषक जिंकून भारतीय संघ घरी आला तेव्हा क्रिकेट मंडळाकडे बक्षीस द्यायला पैसे नव्हते. नागपूरचे एन. के. पी. साळवे तेव्हा अध्यक्ष होते. लता मंगेशकरांच्या गाण्याचा कार्यक्रम ठेवून त्यातून प्रत्येक खेळाडूला एक लाख रुपये दिले गेले. त्याच साळवेंच्या पुढाकाराने 1987 ची स्पर्धा इंग्लंडबाहेर आली आणि प्रुडेन्शियल या विमा कंपनीच्या जागी तिला रिलायन्सचं नाव लागलं. चार वर्षांत गाण्याच्या कार्यक्रमावरून रिलायन्स कपापर्यंत. 1995 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने प्रसारणलहरी ही सरकारची मक्तेदारी नाही असा निकाल दिला आणि सामना दाखवण्याचा हक्क विकायला मोकळा झाला. खेळाडूच्या छातीला खरी किंमत आली ती या निकालानंतर, कारण कॅमेरा जवळून दाखवतो तो गोलंदाज वळताना त्याच्या छातीचाच भाग.

भारतीय संघाच्या छातीची वंशावळ वाचली तर देशाच्या बाजाराचा आलेख निघतो. 2001 पर्यंत सिगारेट: विल्स. मग 2013 पर्यंत सहारा. मग स्टार, ओप्पो, बायजूज. 2023 मध्ये ड्रीम इलेव्हन, तीन वर्षांचे 358 कोटी. 2025 च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने कायदा केला, आणि सप्टेंबरचा आशिया चषक भारताने रिकाम्या छातीने खेळला. त्यानंतर अपोलो टायर्स, 579 कोटी. एकेक नाव त्या त्या वेळी ज्याच्याकडे पैसा उतू जात होता त्याचं. यातली किती नावं नंतर गोत्यात आली ते वाचकाने स्वतः मोजावं.

आयपीएलचा हिशोब मात्र वेगळा लावावा लागतो, कारण तिथे आमच्या जालन्याचा धंदा दिसतो. 2008 ला लिलावात धोनीला पंधरा लाख डॉलर देणारी चेन्नई कुणाची? इंडिया सिमेंट्सची. पहिली पाच वर्षं स्पर्धेला नाव कुणाचं? डीएलएफ, घरबांधणीवाले, षटकार मारला की समालोचक ‘डीएलएफ मॅक्सिमम’ म्हणायचा. 2018 ला दिल्लीचा निम्मा संघ कुणी घेतला? जेएसडब्ल्यू, पोलादवाले, 550 कोटींना. बेंगळुरू एफसी आणि कबड्डीतले हरयाणा स्टीलर्सही त्यांचेच. 2022 पासून स्पर्धेचं नाव टाटा, आणि 2024 पासून त्यासाठी वर्षाला 500 कोटी. सिमेंट, सळई, बिल्डर. भिंतीत गाडला जाणारा माल विकणाऱ्यांनी मैदान व्यापलं, हा काही निव्वळ योगायोग नाही. घर ही आयुष्यात एकदाच होणारी खरेदी. नाव वर्षानुवर्षं कानावर पडत राहिलं पाहिजे, कारण गिऱ्हाईक नेमकं कधी उभं राहील ते सांगता येत नाही.

पैसा आला की तो नुसता छातीवर बसत नाही, खेळाच्या घड्याळात शिरतो. 2009 ला आयपीएलमध्ये ‘स्ट्रॅटेजिक टाइमआउट’ आला. डावपेच आखायला म्हणून, पण जाहिरातींना ती सोयीची जागा झाली. पुढे त्या विश्रांतीलाही सिएटचं नाव लागलं. 2014 च्या प्रो कबड्डीत तीस सेकंदांची चढाई आणि ‘डू ऑर डाय’ आली. गावच्या कबड्डीत चढाईपटू दम धरून रेंगाळायचा, त्याला आता सवड नाही. कबड्डी घडवणाऱ्या शंकरराव साळवींना हे आवडलं असतं का, ते माहीत नाही. प्रेक्षकाला आवडलं, हे नक्की. मला स्वतःला चढाईचं घड्याळ पटतं. टाइमआउट पटत नाही.

मराठी छोटा बाजारही मागे राहिला नाही. 2018 च्या नोव्हेंबरमध्ये झी टॉकीजने कुस्तीची लीग काढली, त्यात मराठवाड्याच्या संघाचे मालक नागराज मंजुळे होते. 2023 ला महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये पुण्याचा संघ प्रवीण मसालेवाल्यांनी 14.8 कोटींना घेतला. मसाला, ज्याची पुडी दर महिन्याला संपते आणि दर महिन्याला दुकानात मागावी लागते.

आता जालन्यातला 2018. डिसेंबरात महाराष्ट्र केसरी आझाद मैदानावर भरली. 23 तारखेला अंतिम कुस्ती झाली ती माती विभागातून आलेला बाला रफिक शेख आणि गादी विभागातला, गतविजेता अभिजित कटके यांच्यात. बालाने ती 11-3 ने घेतली. मूळ करमाळ्याकडचा हा पोरगा बुलढाण्याकडून खेळला होता. चांदीची गदा मोहोळ कुटुंबाकडून दिली जाते, मामासाहेब मोहोळांच्या स्मरणार्थ. गदेवर असं एक घराणं आहे आणि बाकी सगळा डोलारा, म्हणजे मंडप, प्रकाशझोत, पाहुण्यांची सोय, बक्षिसं, वेगळ्या हातांनी उभा राहतो. चार वर्षांनी पुण्यात शिवराज राक्षेला त्याच किताबासोबत महिंद्र थार मिळाली. गदा घरात टांगायची, थार रस्त्यावर फिरवायची.

क्रिकेटकडे जालन्याची नजर वळली ती विजय झोलमुळे. 2011 ला कुचबिहार करंडकात आसामविरुद्ध नाबाद 451, 2014 ला एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात भारताचा कर्णधार, आणि त्याच हंगामात बेंगळुरूच्या आयपीएल संघात. जिल्ह्याच्या गावातून थेट लिलावाच्या यादीपर्यंत वाट आहे, हे त्याने दाखवलं. त्यानंतर टेनिस बॉलच्या स्पर्धांत पोरं उतरताना डोक्यात काय असतं, ते वेगळं सांगायला नको.

या स्पर्धांचं पत्रक नीट वाचण्यासारखं असतं. वर पुढाऱ्याचा फोटो, त्याच्या खाली चिरंजीवांचा. ‘प्रथम पारितोषिक’ पुढाऱ्याकडून, ‘द्वितीय’ एखाद्या ठेकेदाराकडून, ‘मॅन ऑफ द सिरीज’ची सायकल किंवा एलईडी टीव्ही आणखी कुणाच्या सौजन्याने. बॉल एका मित्राकडून, चषक दुसऱ्याकडून. प्रवेश फी खाली बारीक अक्षरात. आणि टी-शर्ट हार्डवेअरच्या दुकानाकडून: पाठीवर दुकानाचं नाव, छातीवर त्या दुकानात मिळणाऱ्या सळईचं. ओळीओळीने वाचत गेलं तर गावातल्या बांधकामाची अख्खी साखळी सापडते. मंजुरी देणारा, ठेका घेणारा, माल विकणारा. कोल्हापूरच्या दरबाराने आणि वारणेच्या कारखान्याने मल्ल वर्षभर पोसला. इथे तीन दिवस पोसतात.

वर्षभर पोसायला कायदा आहे, नाही असं नाही. 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 135 नुसार ठरावीक नफ्याच्या किंवा उलाढालीच्या वर गेलेल्या कंपनीने सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चायचे असतात, आणि परिशिष्ट सातमध्ये ग्रामीण व ऑलिंपिक खेळांचं प्रशिक्षण स्पष्ट लिहिलेलं आहे. पण जानेवारी 2021 च्या दुरुस्तीने एक दार लावून घेतलं: जाहिरातीचा फायदा मिळावा म्हणून केलेलं प्रायोजकत्व या खर्चात धरता येत नाही. नियम योग्यच आहे. त्याने कंपनीच्या टेबलावर दोन वेगळ्या फायली तयार झाल्या. एकीत तालमीची मॅट, प्रशिक्षकाचा पगार, पोरींच्या खो-खो संघाचे बूट. दुसरीत स्पर्धा, कमान, टी-शर्ट. पहिल्या फायलीतला खर्च कायद्याने करावा लागतो तेवढाच होतो. दुसरीतला विक्री विभाग मागून घेतो.

विक्री विभागाचं म्हणणं चुकीचं नाही. तालमीतल्या मॅटवर नाव टाकलं तर पैलवान त्यावर लोळतो आणि बघायला तिथे वस्तादाशिवाय कुणी नसतं. टी-शर्ट काही शे रुपयांत होतो. स्पर्धा संपते, संघ पहिल्याच फेरीत हरलेला असतो, तरी तो टी-शर्ट वर्षभर अंगावर राहतो. सेंट्रिंगवाल्याकडे कामाला जाणारा पोरगा सकाळी तोच घालून निघतो, आणि साइटवर त्याच्यासमोर घराचा मालक उभा असतो, कुठली सळई घ्यावी हे मिस्त्रीला विचारत.