गाव कुणी वसवले?



"हे गाव कुणी वसवलं?" असे कोणत्याही गावच्या पारावर विचारून पाहा. उत्तर तयार असते. कुणी एक मूळपुरुष असतो, त्याचा घोडा एका जागी अडून बसतो, नाही तर सशाने कुत्र्याला पिटाळलेले त्याला दिसते, आणि मग वस्ती इथेच करायची असे ठरते. सांगणाऱ्याला शंका नसते आणि ऐकणाराही पुरावा मागत नाही. आज अशाच दोन गावांची हकीकत सांगायची आहे. दोन्ही अमेरिकेतली. एक केवळ दूरचित्रवाणीच्या पडद्यावरचे, आणि दुसरे दगडामातीचे, खरेखुरे.

पडद्यावरच्या गावाचे नाव स्प्रिंगफील्ड. 'द सिम्पसन्स' नावाची हलत्या व्यंगचित्रांची मालिका 1989 सालापासून अमेरिकेत चालू आहे. तिच्यात लिसा नावाची आठ वर्षांची मुलगी आहे. अभ्यासू, आणि मोठ्यांना अडचणीत टाकणारे प्रश्न विचारणारी. 18 फेब्रुवारी 1996 रोजी या मालिकेचा जो भाग दाखवला गेला, तो लोकांच्या इतका मनात बसला की त्याचे नाव अजून निघते. 'लिसा द आयकॉनोक्लास्ट', म्हणजे मूर्तिभंजक लिसा, असे त्याचे शीर्षक.

गोष्ट अशी. स्प्रिंगफील्ड वसून दोनशे वर्षे झाली म्हणून गावात उत्सवाची तयारी चालली आहे. गावाचा मूळपुरुष जेबेडाया स्प्रिंगफील्ड. त्याचा पुतळा चौकात उभा आहे आणि त्याने रानरेड्याला माणसाळवले ही कथा पोराटोरांना पाठ आहे. लिसाला त्याच्यावर निबंध लिहायचा असतो. ती गावच्या लहानशा संग्रहालयात जाते आणि त्याची जुनी बासरी वाजवून पाहते. बासरीतून एक कागद बाहेर पडतो. पाहते तर काय, त्या थोर पुरुषाचाच कबुलीजबाब! त्याचे खरे नाव हान्स स्प्रुंगफेल्ड. 1796 पर्यंत तो खुनशी समुद्री चाचा होता. एका झटापटीत जीभ गमावल्यामुळे चांदीची जीभ लावून फिरत असे. आणि रेडा? तो आधीच माणसाळलेला होता. यांनी त्याला नुसती गोळी घातली.

पोरीने हे निबंधात लिहिले आणि बाईंनी तिला सरळ नापास केले. (आपल्यात असे कुणी नाही, असे मी धरून चालतो.) मग थडगे उकरण्यापर्यंत मजल जाते. आत चांदीची जीभ सापडत नाही आणि लिसा खोटी ठरते. पुढे तिच्या ध्यानात येते की कबुलीचा तो कागद म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टनच्या एका अपुऱ्या चित्राचा फाटलेला तुकडा आहे. जीभही सापडते. ती लपवलेली असते संग्रहालयाच्या रखवालदार विद्वानानेच! ज्याच्या हाती पुरावा जपायचा, त्यानेच तो दडवला. कारण आयुष्यभर त्याने त्या मूळपुरुषावर माया केली होती. मला या सगळ्या कथेत हे पात्र फार खरे वाटते.

जाता जाता सांगतो, गिल्बर्ट स्टुअर्टने 1796 साली काढलेले वॉशिंग्टनचे ते चित्र खरोखरच अपुरे आहे. पण ते कुणी फाडलेले नाही. त्यावरून पाहून नकला करता याव्यात आणि विकता याव्यात, म्हणून चित्रकाराने मूळ चित्र आपल्याजवळच ठेवून घेतले. दुसरी गंमत भाषेच्या शिक्षकांसाठी. या भागाच्या लेखकांनी 'एम्बिगन' असा एक बनावट शब्द गावाच्या बोधवाक्यात घातला होता; अर्थ, मोठे करणे. तो लोकांच्या तोंडी इतका रुळला की 2018 साली मेरियम-वेब्स्टरच्या कोशाने त्याला आत घेतले. थट्टेतला शब्दही वापराने खरा होतो, तो असा.

आता शेवट ऐका. उत्सवाची मिरवणूक चालली आहे, लिसा सारे उघड करायला व्यासपीठावर चढते. समोर गावकऱ्यांचे आनंदी चेहरे दिसतात आणि तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. जेबेडाया थोर होता, एवढेच बोलून ती उतरते. तिचे म्हणणे, कथा खोटी असली तरी तिने लोकांमधला चांगुलपणा बाहेर आणला आहे.

ती वागली ते बरोबर की चूक? वर्गात हा प्रश्न टाकून पाहा, तास पुरणार नाही. मला विचाराल तर स्प्रिंगफील्डपुरते तिचे वागणे मी समजू शकतो. त्या खोट्या कथेमुळे कुणाचा हक्क बुडालेला आपल्याला दिसत नाही. त्या रेड्याचा वारस तक्रार घेऊन उभा नाही. पण खऱ्या गावात हिशेब इतका सोपा नसतो.

म्हणून आता प्लिमथला चला. हे गाव अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, मॅसॅच्युसेट्समध्ये आहे. 1620 साली 'मेफ्लॉवर' जहाजातून इंग्लंडहून 102 उतारू आले आणि डिसेंबरात त्यांनी इथे वस्ती केली. पहिल्या हिवाळ्यात त्यांतले जवळजवळ निम्मे मेले. गावाच्या किनाऱ्यावर एक खडक आहे, त्यावर 1620 हा आकडा कोरलेला. हजारो लोक तो पाहायला येतात, कारण त्या लोकांनी पहिले पाऊल या खडकावर टाकले असे सांगतात.

कोण सांगतात? इथेच थांबून हिशेब मांडू. विल्यम ब्रॅडफर्ड त्या लोकांचा पुढारी होता, अनेक वर्षे गव्हर्नर होता, आणि त्याने स्वतः वसाहतीचा इतिहास लिहिला. त्यात खडकाचा उल्लेख नाही. 1622 साली लंडनला छापलेल्या हकीकतीतही नाही. खडकाची गोष्ट पुढे येते ती 1741 मध्ये, म्हणजे 121 वर्षांनी. त्या जागी धक्का बांधायचा बेत निघाला, तेव्हा थॉमस फॉन्स नावाचे चौऱ्याण्णव वर्षांचे गृहस्थ खुर्चीत बसून किनाऱ्यावर आले, आणि हाच तो खडक असे त्यांनी डोळ्यांत पाणी आणून सांगितले, अशी हकीकत आहे. त्यांना हे वाडवडिलांकडून कळलेले. पण त्यांचे वडील स्वतः 1623 साली, दुसऱ्या जहाजातून आले होते. पहिले पाऊल पडले तेव्हा ते तिथे नव्हतेच!

पुढे त्या खडकाचे जे हाल झाले ते ऐकण्यासारखे आहेत. 1774 साली इंग्रजांविरुद्ध वातावरण तापले असता लोकांनी बैल जुंपून तो उचलायचे ठरवले. खडक दुभंगला. लोक म्हणाले, हा तर शुभशकुन. आपणही इंग्लंडपासून असेच सुटणार. वरचा अर्धा भाग गावात नेला, खालचा धक्क्यातच राहिला. 1834 साली तो वरचा भाग एका वस्तुसंग्रहालयाकडे नेताना गाडीवरून पडून पुन्हा फुटला. मधल्या काळात आठवण म्हणून लोक कपच्या काढून नेत ते वेगळेच. 1880 साली दोन्ही भाग सांधले आणि तेव्हा कुठे त्यावर 1620 हा आकडा कोरला. म्हणजे पर्यटक ज्या आकड्याचा फोटो काढतात, तो घटनेनंतर 260 वर्षांनी आलेला आहे.

आणि ब्रॅडफर्डची वही? ती बॉस्टनमध्ये होती. अमेरिकन क्रांतीच्या सुमारास ती दिसेनाशी झाली. 1855 साली तिचा पत्ता लागला तो थेट लंडनच्या बिशपच्या ग्रंथालयात. दुसऱ्या वर्षी ती छापली गेली आणि 1897 मध्ये मूळ वही अमेरिकेला परत मिळाली. बासरीतून निघालेल्या कागदापेक्षा ही गोष्ट काही कमी नवलाची नाही. फक्त इथे कागद खडकाविषयी काही बोलला नाही. तो गप्प राहिला, आणि गप्प राहणे हाही एक पुरावाच असतो.

इथवर ठीक. एक खडक चुकीचा ठरला तर कुणाचे काय बिघडते? पण वही दुसऱ्या एका गोष्टीबद्दल गप्प नाही, ती म्हणजे त्या जागेवर आधी कोण राहत होते. प्लिमथची जागा रान नव्हती. तिथे वाम्पानोआग लोकांचे पटक्सेट नावाचे गाव होते, मक्याची शेते होती. 1616 ते 1619 च्या साथीत ते गाव पार उजाड झाले. टिस्क्वॉन्टम नावाचा तिथलाच माणूस 1614 मध्ये इंग्रज खलाशांनी पळवून स्पेनला विकायला नेला होता, म्हणून तो साथीतून वाचला. फिरत फिरत 1619 साली घरी परतला, तर घरच राहिले नव्हते. याच माणसाने नव्याने आलेल्यांना 1621 साली मका कसा पेरायचा, बियाण्याशी मासे पुरून खत कसे द्यायचे, ते शिकवले. वाम्पानोआगांचा मुखिया मॅसासॉइट याने त्यांच्याशी तह केला. पंचावन्न वर्षांनी, 1676 साली, त्याच मॅसासॉइटचा मुलगा मेटाकॉम लढाईत मारला गेला आणि त्याचे शिर प्लिमथमध्येच खांबावर लावण्यात आले.

हे सारे लिहिलेले होते. पण उत्सवात सांगायला खडक सोयीचा. 1970 साली 350 वर्षे पुरी झाल्याचा सोहळा होता आणि वाम्पानोआगांपैकी वाम्सुटा फ्रँक जेम्स यांना भाषणाला बोलावले होते. त्यांचे भाषण आधी वाचून पाहण्यात आले आणि हे चालणार नाही असे सांगण्यात आले. दुसरे लिहून दिलेले भाषण करायला त्यांनी नकार दिला. लिसा आपखुशीने व्यासपीठावरून उतरली. यांना तर चढूच दिले नाही. दोन्हीकडे मौनच, पण त्यांत केवढे अंतर!

त्या वर्षी नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या दिवशी, जेम्स आणि त्यांचे सोबती खडकाच्या वरच्या बाजूला कोल्स हिलवर, मॅसासॉइटच्या पुतळ्याजवळ जमले. तो दिवस त्यांनी शोकदिन म्हणून पाळला. कार्यकर्त्यांनी खडकावर वाळू टाकून तो झाकूनही टाकला. तेव्हापासून दरवर्षी ते तिथे जमतात. 1998 साली टेकडीवर या शोकदिनाचा एक फलक बसला. खाली खडकावर 1620 कोरलेले, आणि वर चार पावले चढून गेले की हा फलक.