मुळशीचें सरोवर

शनिवारीं दोन प्रहरीं पुण्याहून मोटार काढावी, चांदणी चौक मागें टाकून पिरंगुट, पौड असे टप्पे घ्यावे, सूर्य कलण्यापूर्वीं मुळशीच्या कांठीं जाऊन बसावें, आणि दुसऱ्या दिवशीं ताम्हिणीच्या घाटानें कोंकणांत उतरून रात्रीं घरीं परतावें, हा पुण्याच्या सुशिक्षित कुटुंबांचा आतां एक ठरलेला विहार झाला आहे. श्रावणांत तर या रस्त्यावर मोटारींची इतकी दाटी होते कीं, देखाव्यापेक्षां पुढल्या मोटारीची पाठच अधिक वेळ पाहावी लागते. तरीहि एकदां पाणी दृष्टीस पडलें म्हणजे सारा शीण जातो, हें कबूल केलें पाहिजे. अर्धवट धुक्यांत बुडालेले कडे, त्यांवरून लोंबणारे रुपेरी धबधबे, आणि खालीं डोंगरांच्या बेचक्यांतून दूरवर शिरलेलें तें शांत जल पाहून कोणासहि वाटावें कीं, हीं दोन्हीं एकाच काळचीं असावींत. वस्तुतः ते डोंगर सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वींच्या लाव्हारसाचे आहेत, आणि तें पाणी १९२७ सालचें आहे.

सह्याद्रीच्या या भागांत निसर्गानें स्वतः घडविलेलें मोठें सरोवर एकहि नाहीं. इंग्लंडच्या ज्या सरोवर-प्रांताचें वर्णन आपण वर्ड्स्वर्थच्या काव्यांत वाचलें, तेथील खोरीं हिमनद्यांनीं कोरलीं आणि त्यांत पाणी सांचलें. आपल्याकडे चार महिने पाऊस कोसळतो आणि उताराच्या नद्या तो वाहून नेतात. वैशाखांत त्याच डोंगरांतील बायकांना हंडाभर पाण्यासाठीं दरी उतरावी लागते. म्हणून लोणावळें, वळवण, शिरोता, ठोकरवाडी, मुळशी, ज्या ज्या पाण्याकांठीं आपण फराळाचे डबे सोडतों, त्या प्रत्येकाच्या एका टोकास भिंत आहे. ती कोणी, कशासाठीं व कोणाच्या जमिनीवर बांधली, हा प्रश्न सहलीच्या गडबडींत सहसा कोणास सुचत नाहीं.

घाटमाथ्याचें पाणी अडवून त्यापासून वीज काढण्याची कल्पना जमशेटजी टाटा यांच्या हयातींतली. परंतु ते १९०४ सालीं वारले, व कंपनी उभी राहिली ती १९१० मध्यें. पुढल्या वर्षीं गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्तें लोणावळ्यास कोनशिला बसली, आणि १९१५ पासून खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांस मिळूं लागली. योजना मोठी बुद्धिमत्तेची होती. पावसाळ्याचें पाणी कड्याच्या माथ्यावर सांठवावयाचें, आणि सुमारें पांचशें मीटर खालीं नळांतून सोडून त्याच्या जोरानें यंत्रें फिरवावयाचीं. भांडवल देशी, कर्तृत्व देशी. स्वदेशीचें व्रत घेतलेल्या पिढीनें याचा अभिमान बाळगावा हें स्वाभाविकच होतें. १९२२ मध्यें भिवपुरीचें वीजघर सुरू झालें. त्यापूर्वींच, १९१९ सालीं, टाटा पॉवर कंपनी निघाली होती आणि तिची दृष्टि नीळा व मुळा या नद्यांच्या संगमाकडे वळली होती.

तेथें मात्र उजाड माळ नव्हता. तें भाताचें खोरें होतें. पन्नासांच्या आसपास गांवें आणि सुमारें अकरा हजार माणसें त्या पाण्याखालीं जावयाचीं होतीं. ज्या मावळ्यांच्या नांवावर आपण व्याख्यानांतून टाळ्या घेतों, त्यांच्याच वंशजांचीं हीं गांवें; आणि त्यांच्या शेतांत मोजणीचे खड्डे खणले गेले ते त्यांची परवानगी न घेतां. १८९४ च्या भूसंपादन कायद्यानें सरकारला कंपनीसाठींहि जमीन घेतां येत असे. जमिनीच्या मोबदल्यांत जमीन देण्याचें बंधन त्या कायद्यांत कोठेंच नव्हतें.

रामनवमीस, १६ एप्रिल १९२१ रोजीं, हजाराहून अधिक मावळे, त्यांत स्त्रियाहि, धरणाच्या जागीं जाऊन बसले व काम बंद पडलें. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे त्यांचे पुढारी. बापटांना ‘सेनापति’ ही पदवी मिळाली ती याच लढ्यांत. गांधीजींनीं ‘यंग इंडिया’मध्यें मावळ्यांची बाजू मांडली, परंतु नेतृत्व आपल्याकडे घेतलें नाहीं. कंपनीनें कांहीं महिने काम थांबविलें, मग पुन्हा आरंभिलें. सत्याग्रहहि पुन्हा सुरू झाला. ‘काळ’कर्ते शिवरामपंत परांजपे यांनीं या प्रकरणीं तुरुंगवास पत्करला. शेवटीं १९२४ च्या अखेरीस बापटांनीं शस्त्र हातीं घेऊन कामावरची आगगाडी अडविली, त्यांस सात वर्षांची शिक्षा झाली, आणि लढा संपला. जगांतील पहिल्या धरणविरोधी चळवळींत इतिहासकार आज त्याची गणना करतात.

हा लढा कां हरला, याचें उत्तर केवळ सरकारच्या बळांत शोधणें हा प्रामाणिकपणा नव्हे. खोऱ्यांतील पुष्कळ जमीन कागदोपत्रीं पुण्याच्या सावकारांची होती व कसणारा मावळा त्यांचें कूळ होता. भरपाईचे आंकडे पुढें येऊं लागतांच सावकाराचें हित एकीकडे आणि कुळाचें दुसरीकडे झालें. सावकारास जमीन म्हणजे रक्कम होती. तिचें मोल मिळालें कीं त्याचें काम झालें. पुण्यांतील पुढाऱ्यांतहि एकवाक्यता टिकली नाहीं. आज ज्या घरांतून मोटारी मुळशीकडे निघतात, त्यांपैकीं कांहीं घरांच्या जुन्या दप्तरांत या भरपाईच्या पावत्या निघाल्या, तर प्रस्तुत लेखकास आश्चर्य वाटणार नाहीं.

या ठिकाणीं पुन्हा इंग्लंडच्या सरोवर-प्रांताची आठवण होते. मँचेस्टर शहरास पाणी पुरविण्यासाठीं तेथील थर्लमिअर या तळ्यावर धरण बांधण्याचें ठरलें, तेव्हां रस्किनसारख्या माणसांनीं कडाडून विरोध केला. तरी पार्लमेंटनें १८७९ मध्यें परवानगी दिली आणि १८९४ मध्यें पाणी मँचेस्टरास पोंचलें. त्या विरोधाचा मुख्य मुद्दा सृष्टिसौंदर्याचा होता. निर्मळ तळें विद्रूप होईल, कांठची शोभा जाईल, याचें त्यांना दुःख होतें. मुळशीस सौंदर्याचा प्रश्न कोणीच काढला नाहीं. तेथें प्रश्न भाताच्या खाचरांचा होता. सौंदर्य मागाहून, धरणाबरोबर आलें. थर्लमिअरच्या विरोधकांस जें जाईल अशी भीति होती, तेंच मुळशीच्या पराभवानें आपणांस मिळालें आहे, आणि आपण त्याची छायाचित्रें काढतों.

विस्थापितांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रानें १९७६ सालीं केला. १८९४ चा कायदा तर १ जानेवारी २०१४ पासून इतिहासजमा झाला. मुळशीच्या मावळ्यांपर्यंत यांतलें कांहींच पोंचावयाचें नव्हतें. ते वाट फुटेल तिकडे पांगले, आणि सेनापति बापट १९६७ सालीं वारले. त्यांच्या नांवाचा पुण्यांतील रस्ता मोठा वर्दळीचा आहे. शनिवारीं मुळशीस जाणाऱ्या कित्येक मोटारी त्यावरूनच निघतात.

मुळा नदीनें सारें पाणी एके काळीं भीमेला व भीमेनें कृष्णेला द्यावें, असा ओघ होता. धरणानंतर तें उलट फिरलें. मुळशीचें पाणी आतां डोंगर पोखरून पश्चिमेकडे जातें, कड्याखालीं भिऱ्याच्या वीजघरांत कोसळतें, आणि तेथून कुंडलिकेच्या पात्रांत शिरतें. कोलाडाजवळ या सोडलेल्या पाण्याच्या वेगावर रबरी नावा हांकण्याचा खेळ चालतो. रविवारीं सकाळीं पाणी केव्हां सुटणार याची चौकशी करीत पुण्यामुंबईचीं तरुण मंडळी कांठावर उभी असतात.